रक्ताचा कागद – भाग ६ : टोटल नंतर, आधी डायरेक्ट

मागच्या आठवड्यात क्रिएटिनिन झालं. आज त्याच कागदावर जरा खाली उतरू. तिथे बिलीरुबिनच्या तीन ओळी असतात: टोटल, डायरेक्ट, इनडायरेक्ट. घरोघर वाचली जाते ती पहिलीच.

तुळजापूरच्या पंचक्रोशीत नवरात्राचे दिवस माळांवर मोजतात. समजा, सातव्या माळेला, कडक उपवास चालू असताना, एका आजोबांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रक्त दिलं. टोटल आलं २.४, ठळक अक्षरांत. झालं! घरात कावीळ जाहीर होते, आमटीतली हळद बंद होते. खालची ओळ मात्र कुणी पाहत नाही: डायरेक्ट ०.३.

तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की निघणारं पिवळं द्रव्य, म्हणजेच बिलीरुबिन, पाण्यात विरघळत नाही. यकृत त्यावर प्रक्रिया करून ते विरघळणारं करतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. प्रक्रियेआधीचं ते इनडायरेक्ट, नंतरचं डायरेक्ट. नावं विचित्र वाटतात, कारण ती यकृतावरून नव्हे, परीक्षानळीवरून पडली. डच वैद्य व्हॅन डेन बर्ग यांना दिसलं, की काही रक्तांत रसायन घालताच रंग येतो, काहींत अल्कोहोल मिसळल्यावरच. आजही बहुतेक लॅबमध्ये इनडायरेक्ट मोजत नाहीत. टोटलमधून डायरेक्ट वजा करतात.

आजोबांचं हिमोग्लोबिन चांगलं, पेशी जास्त मोडत नाहीत, बाकी यकृताचे आकडेही ठीक. मग ही बहुधा गिल्बर्टची ठेवण. जन्मजात, निरुपद्रवी, उपाशी राहिलं की आकडा चढतो, जेवलं की उतरतो. औषध नाही, आणि लागतही नाही.

मला धास्ती वाटते ती दुसऱ्या कागदाची. टोटल जेमतेम १.९, पण डायरेक्ट १.५. साठीनंतर असं दिसलं, की पित्तनळीत खडा किंवा स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ नाही ना, हे आधी पाहायचं. लघवी कोऱ्या चहासारखी, शौच पांढुरकं, अंगभर खाज, तर सोनोग्राफी लांबवू नये. थंडी वाजून ताप आला तर सकाळचीही वाट पाहू नये.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेटची कावीळ कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही उगवते, वयस्कर पुरुषांत अधिक. काढ्याची बाटलीही न्या. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. पण बाटली दाखवायला काय हरकत?

आणि ती दुसरी माळ, काविळीवर उतारा म्हणून घालतात ती. ओल्या काड्या वाळून आकसतात, दोरा सैल पडतो, माळ लांबते. पोराची साधी कावीळ बहुधा आपसूकच बरी होते, श्रेय माळेला जातं. पित्तनळीतला खडा मात्र माळ लांबली म्हणून हलत नाही.

खडा काढल्यावरही डोळे दोन-तीन आठवडे पिवळट राहतात, आणि घरचे डॉक्टर बदलायला निघतात. थोडं थांबा. काही बिलीरुबिन रक्तातल्या अल्ब्युमिनला घट्ट चिकटलेलं असतं. ते अल्ब्युमिनसोबतच सावकाश जातं. लघवी त्याआधीच निवळते, तिच्याकडे पाहा.

अल्ब्युमिनची ओळ पुढच्या आठवड्यात.