शनिवारवाड्याचा अपुरा दरवाजा

शनिवारवाडा पाहायला आलेला माणूस तीन गोष्टी हटकून विचारतो. भुयार कुठे आहे? नारायणरावांना मारले ती खोली कोणती? आणि पौर्णिमेच्या रात्री ‘काका, मला वाचवा’ अशी हाक खरोखरच ऐकू येते का? तिन्ही प्रश्नांना तिथे उत्तर नाही. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत वाडा जळाला. आता उरली आहे ती तटबंदी, बुरूज, दरवाजे, इमारतींची जोती, कारंज्यांचे हौद आणि मधली हिरवळ. ज्या दालनांत कारस्थाने शिजली ती दालनेच राहिलेली नाहीत.

पण दरवाजे आहेत, आणि माझ्या मते या वाड्याची खरी गोष्ट दरवाजांचीच आहे. कादंबरीकार म्हणून मलाही भुयारे आवडतात. पडद्याआड उभे राहून चोरून ऐकणारी दासी, पानाच्या विड्यातून गेलेली चिठ्ठी, मध्यरात्री विझलेली मशाल, हा सगळा ऐवज लेखकाच्या मोठ्या कामाचा. मात्र आयुष्याची उमेदीची वर्षे मी बँकेत काढली, आणि तिथे शिकलो ते वेगळेच. तिजोरी फुटते ती बहुधा पहारीने नव्हे. किल्ली कोणाकडे, पहाऱ्यावर कोण, त्याचा पगार झाला आहे का, आणि इमारतीत सध्या दुरुस्ती कुठे चालली आहे, हे चार प्रश्न विचारले की निम्मे रहस्य उलगडते. शाखेच्या तपासणीला गेलो की मी आधी वह्या मागत नसे. मागच्या बाजूने एक फेरी मारून येई. बरोबरच्या तरुण अधिकाऱ्यांना याची गंमत वाटायची.

हेच प्रश्न घेऊन ३० ऑगस्ट १७७३ च्या दुपारी शनिवारवाड्यात शिरावे.

वाडा पहिल्या बाजीरावांचा. १० जानेवारी १७३० रोजी पायाभरणी आणि १७३२ साली वास्तुशांत. नऊ बुरूज, पाच दरवाजे. उत्तरेच्या दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर हत्तीने धडक देऊ नये म्हणून अणकुचीदार खिळे ठोकलेले. आत शिरल्यावर वाट सरळ जात नाही, वळण घेते. म्हणजे शत्रू आलाच तर त्याचा वेग तिथे मोडावा. बाहेरून येणाऱ्याचा असा सगळा बंदोबस्त केलेला. त्या दुपारी आत घुसलेली माणसे मात्र बाहेरची नव्हती. ती वाड्याच्याच पगारपत्रकावर होती.

घरातली परिस्थिती थोडक्यात सांगतो. थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला गेले. त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, १७५८ साली मराठी फौजा घेऊन पंजाबात उतरलेले, अटकेपार झेंड्याच्या कीर्तीचे धनी. १७६८ च्या धोडपच्या लढाईत पुतण्याकडून हरल्यापासून ते नजरकैदेत होते. नारायणरावांच्या काळात, १७७३ च्या एप्रिलमध्ये, ही कैद पुन्हा आवळली गेली. आणि कैद कुठे, तर शनिवारवाड्यातच! गादीवरचा पुतण्या आणि गादीवर डोळा असलेला चुलता एकाच तटाच्या आत. एखाद्या दूरच्या किल्ल्यावर ठेवले असते तर राघोबांना माणसे फोडायला निदान प्रवास तरी करावा लागला असता. इथे निरोप पोचवायला तुळाजी पवारासारखा एक नोकर पुरेसा होता.

पहारा गारद्यांचा. गारदी म्हणजे कवायती पायदळ. त्यांचे नाते जहागिरीशी नाही, वतनाशी नाही, फक्त रोजमुऱ्याशी. तो थकला की नाते संपले. सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ हे त्यांचे म्होरके. त्या दिवशी गारदी आरडाओरडा करीत घुसले ते थकलेला पगार मागण्याच्या निमित्ताने. निमित्त किती सोयीचे पाहा. पगार मागायला आलेल्या शिपायांचा गोंगाट ऐकून कोण दचकणार? तसा गोंगाट सरकारवाड्यात नवीन नव्हता.

आता दरवाजाकडे येतो. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात एक तपशील आहे, ज्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. गारदी दिल्ली दरवाजाने आले नाहीत. ते पूर्वेकडच्या एका अपुऱ्या दरवाजातून आले. हा दरवाजा नारायणरावांनीच पाडायला आणि बांधायला काढला होता. कारण काय, तर चुलत्याच्या दालनांकडे जाणारी वाट आपल्या वाटेपासून निराळी असावी. रोज समोरासमोर येणे नको, त्यांच्या माणसांची ये-जा आपल्या चौकातून नको. घराघरांत भाऊबंद वेगळे झाले की मधे भिंत घालतात आणि एक नवे दार फोडतात, अगदी तसेच. भिंत पाडून झाली होती, दार बसायचे होते. मधल्या त्या काही दिवसांत हत्तीलाही न जुमानणाऱ्या वाड्याला एक उघडे भगदाड होते, आणि ते वाड्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते.

डफ आणखी सांगतो, की गारद्यांत काहीतरी शिजते आहे याची कुणकूण नारायणरावांना सकाळीच लागली होती. त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितले. हरिपंत ते काम तसेच ठेवून एका स्नेह्याकडे जेवायला गेले. भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, गणपतीचे दिवस. दुपारी नारायणराव आडवे झाले होते ते गलबल्याने जागे झाले आणि धावत चुलत्याच्या दालनात गेले. त्यांनी राघोबांना मिठी मारली. तुळाजीने पायाला धरून ओढले. चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर पडला आणि त्याच्याबरोबर मेला. इच्छारामपंत ढेरे मारले गेले. नोकर, दासी, एक गायसुद्धा सुटली नाही. त्यानंतर अठरा वर्षांच्या त्या पेशव्याचा देह ज्या दरवाजाने बाहेर नेला, त्याला लोक आजही नारायण दरवाजा म्हणतात.

मग ‘ध’ चा ‘मा’. ही कथा आपण शाळेत ऐकली, खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त पाहिली, प्रभातच्या ‘रामशास्त्री’ चित्रपटात पाहिली. राघोबांनी गारद्यांना लिहून दिले ‘धरावे’, आनंदीबाईंनी केले ‘मारावे’. रामशास्त्र्यांनी राघोबांना जाब विचारला तेव्हा हा बदल उघड झाला, असे डफ लिहितो. तो कागद मात्र इतिहासाच्या दप्तरांत सापडलेला नाही.

आमच्या काळी खाडाखोड केलेला चेक समोर आला की नियम साधा होता. बदलाच्या जागी चेक देणाऱ्याची पूर्ण सही हवी. नसेल तर चेक परत. आणि पैसे दिले गेले असतील तर पहिली चौकशी अशी, की लिहिल्यापासून वटेपर्यंत हा कागद कोणाकोणाच्या हातांतून गेला? या कथेत तो प्रश्न कोणी विचारत नाही. सगळे हात सोडून आपण एकाच हाताकडे बोट दाखवतो, आणि तो बाईचा असतो. आनंदीबाई महत्त्वाकांक्षी होत्या याविषयी मला शंका नाही. पण या एका अक्षराने कितीजणांची सोय झाली पाहा. राघोबांना म्हणता आले, मी फक्त धरायला सांगितले होते. अहो, पण बदललेले अक्षर पुन्हा मूळचे करून वाचले तरी उरते काय? कैदेतल्या चुलत्याने भाडोत्री हत्यारबंदांना लेखी हुकूम दिला, की राज्याच्या पेशव्याला त्याच्याच घरात धरा. रामशास्त्र्यांना हे दिसत होते. अक्षराच्या आड त्यांनी राघोबांना लपू दिले नाही. या पापाला देहान्त प्रायश्चित्त, एवढे सांगून ते पुणे सोडून गेले.

रियासतकार सरदेसायांनी रामशास्त्र्यांच्या तपासातले आकडे दिले आहेत. एकूण दोषी एकोणपन्नास. त्यांत गारदी अवघे तेरा. उरलेल्यांत ब्राह्मण सव्वीस, मराठे सात, प्रभू तीन. म्हणजे प्रत्येक गारद्यामागे जवळजवळ तिघे असे, की ज्यांचे नाव आपल्या नाटकात येत नाही. यांतल्या कोणी दार दाखवले असेल, कोणी वेळ सांगितली असेल, कोणी फक्त त्या दुपारी लवकर घरी गेला असेल. कारस्थान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कुजबुजणारी चार डोकी येतात. एकोणपन्नास माणसांत गुपित राहिले, ते कुजबुजून नव्हे. बाकीच्यांनी विचारले नाही म्हणून राहिले असावे, असे मला वाटते.

हा वाडा कसा आहे हे नाना फडणीस आणि सखारामबापू बोकील यांनी बरोबर ओळखले. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. बारभाईंनी राघोबांविरुद्ध उघड काही करण्यापूर्वी, जानेवारी १७७४ मध्ये, तिला पुण्यातून हलवून पुरंदरावर नेले. अठरा एप्रिलला तिथे सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळीस दिवसांचे ते मूल पेशवा झाले. राघोबा पुढे इंग्रजांच्या आश्रयाला गेले, १७७५ चा सुरतेचा तह झाला, आणि घरातले भांडण मुंबईकर इंग्रजांच्या हिशेबवहीत चढले. ते युद्ध मिटायला १७८२ चा सालबाईचा तह उजाडावा लागला.

सवाई माधवराव याच वाड्यात नानांच्या नजरेखाली वाढले आणि ऑक्टोबर १७९५ मध्ये वरच्या गॅलरीतून खाली पडून वारले. उडी मारली की तोल गेला, हा वाद अजून मिटलेला नाही. वय एकवीस.

त्यानंतर वर्षभराच्या घालमेलीतून दुसरे बाजीराव गादीवर आले. राघोबा आणि आनंदीबाईंचा हा मुलगा. ज्या वाड्यासाठी एवढे घडले तो आता त्यांचाच होता. पण राहायला त्यांनी दुसरी जागा पसंत केली आणि १८०७ च्या सुमारास विश्रामबागवाडा बांधला. शनिवारवाड्यापासून तो चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे.