हार्ट रेट मॉनिटर : निवडावा कसा, वापरावा कसा?

मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की हल्ली एक संवाद हमखास कानावर पडतो. ‘आज दहा हजार पावलं झाली’, ‘माझे ठोके तर १६० वर गेले होते’, ‘मग ते चांगलं की वाईट?’ या शेवटच्या प्रश्नाला सहसा उत्तर मिळत नाही आणि गप्पांची गाडी गुलाबजामकडे वळते. त्या प्रश्नाचं जमेल तेवढं उत्तर द्यावं म्हणून हा लेख.

आमचा सहा-सात जणांचा चालणाऱ्यांचा गट आहे. बहुतेक सगळे संगणकवाले, तिशी-चाळिशीतले, दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत काढणारे. आम्ही डॉक्टर नाही. पण आकडे कुठून येतात आणि त्यांवर किती विश्वास ठेवायचा हे तपासणं हा आमचा रोजचा धंदाच आहे, त्यामुळे या यंत्राकडे त्याच नजरेने पाहिलं.

विषय हौसेचा वाटतो, पण त्यामागचं कारण गंभीर आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ नावाच्या मोठ्या अभ्यासातून २००७ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा पहिला झटका आलेल्यांचं सरासरी वय दक्षिण आशियात ५३ होतं, तर इतर देशांत जवळजवळ ५९. म्हणजे आपल्या लोकांना हा आजार सहा वर्षं आधी गाठतो. फावल्या वेळात व्यायाम करण्याचं प्रमाणही आपल्याकडे कमी आढळलं. त्यात इथलं आपलं आयुष्य असं : एसी घरातून एसी गाडीत, गाडीतून एसी ऑफिसात. कित्येकांचं कुटुंब पुण्याला नाहीतर नाशिकला, आणि इथे रात्री जेवण हॉटेलातलं. तेव्हा व्यायाम हवाच, आणि तो बेताने व्हायला हवा.

ठोके कशासाठी मोजायचे?

विश्रांती घेत असताना आपलं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला एक लाखाहून जास्त ठोके पडतात. व्यायाम करताना स्नायूंना जास्त प्राणवायू लागतो, म्हणून ठोके वाढतात. किती वाढले यावरून शरीरावर किती भार पडतो आहे ते कळतं. गाडीचा स्पीडोमीटर वेग सांगतो आणि दुसरा काटा इंजिनवरचा ताण दाखवतो. चालण्याचा वेग हा स्पीडोमीटर, ठोके हा दुसरा काटा.

मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी मोजता येतेच. १५ सेकंद मोजायचं आणि चारने गुणायचं. त्यात एक ठोका चुकला तर उत्तर चारने चुकतं, शिवाय मोजण्यासाठी थांबलं की ठोके लगेच उतरू लागतात. चालता चालता मोजायची सोय हवी होती. ती फिनलंडमधल्या पोलर या १९७७ साली स्थापन झालेल्या कंपनीने केली. १९८२ साली त्यांनी छातीचा पट्टा आणि मनगटावरचं घड्याळ यांची बिनतारी जोडी बाजारात आणली. बर्फाच्या देशातलं हे यंत्र आज आपण वाळूच्या देशात वापरतो आहोत!

छाती की मनगट?

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात.

पहिला, छातीचा पट्टा. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर एक सूक्ष्म विद्युत संदेश निघतो. ईसीजी काढताना जो पकडतात, तोच. पट्ट्यातले दोन इलेक्ट्रोड तो त्वचेवरून टिपतात आणि घड्याळाला किंवा फोनला पाठवतात. अचूकपणात हा प्रकार सरस. अट एकच, इलेक्ट्रोड ओले हवेत. एसी जिममध्ये कोरडा पट्टा बांधला तर पहिली काही मिनिटं आकडे वेडेवाकडे येतात आणि घाम आला की सुधारतात. म्हणून बांधण्याआधी पाण्याचं बोट फिरवावं.

दुसरा, मनगटावरचं घड्याळ. याच्या पोटाशी हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं. ठोक्याबरोबर मनगटातलं रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश कमी होतो, आणि या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजतं. वापरायला सोपं, दिवसभर घालता येतं. पण घड्याळ सैल असेल, मनगट वाकत असेल, गोंदण असेल, तर आकडा बिघडतो. आणखी एक गंमत म्हणजे धावताना पावलं मिनिटाला १६०-१७० पडतात. हात त्याच तालात हलतो आणि घड्याळ कधी कधी पावलांनाच ठोके समजतं. आरामात धावताना अचानक १६५ दिसू लागले तर घाबरू नका. थांबा, बोटांनी नाडी मोजा, मग ठरवा.

आमचं मत विचाराल तर नुसतं चालणाऱ्याला घड्याळ पुरेसं आहे. धावणारे, सायकलवाले आणि जिममध्ये दोन मिनिटं जोरात, दोन मिनिटं हळू असा व्यायाम करणारे यांनी पट्टा घ्यावा. ठोके झपाट्याने वरखाली होतात तेव्हा मनगटावरचं घड्याळ मागे पडतं. ट्रेडमिलच्या दांड्यांवर हात ठेवून मिळणारा आकडा केवळ अंदाजापुरता.

घेताना काय पाहाल?

१. पट्टा ब्लूटूथवर चालतो का आणि आपल्या फोनशी, घड्याळाशी जुळतो का, हे दुकानातच जोडून पाहा.
२. छातीच्या पट्ट्याचं कापड वेगळं विकत मिळतं का? घामाने आधी तेच खराब होतं, आतलं यंत्र वर्षानुवर्षं टिकतं.
३. पट्ट्याचा बटन सेल घरी बदलता येतो का?
४. घड्याळाचा आकडा उन्हात वाचता येतो का? दुकानाच्या दाराशी जाऊन बघा.
५. वॉरंटी सौदीत चालेल ना? भारतातून आणलेल्या किंवा बाहेरून मागवलेल्या वस्तूची वॉरंटी इथे चालेलच असं नाही. बिल जपून ठेवा.

जास्त महाग म्हणजे जास्त अचूक असं समीकरण नाही. झोप, तणाव, नकाशे, गाणी यांचे पैसे वेगळे लागतात. तुम्हाला ठोकेच हवे असतील तर साधा पट्टा आणि हातातला फोन एवढ्यावर काम भागतं.

आपला आकडा काढा

यंत्र आणलं की पहिले सात दिवस एकच काम. सकाळी उठल्यावर, अंथरुणातून पाय खाली ठेवण्याआधी ठोके पाहा आणि लिहून ठेवा. सातही दिवसांची सरासरी म्हणजे तुमचे विश्रांतीचे ठोके. बहुतेक प्रौढांचे ६० ते १०० च्या दरम्यान असतात, नियमित व्यायाम करणाऱ्यांचे आणखी कमी.

मग कमाल ठोके. सगळ्यांना माहीत असलेलं सूत्र म्हणजे २२० वजा वय. २००१ साली सुचवलेलं दुसरं सूत्र असं : वयाला ०.७ ने गुणा आणि ते २०८ मधून वजा करा. चाळिशीला दोन्हींचं उत्तर १८० येतं. साठीला मात्र पहिलं १६० सांगतं, दुसरं १६६. आणि लक्षात ठेवा, हे सरासरीचे आकडे आहेत. एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांत दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज असतो.

आता गणित. कमाल ठोक्यांतून विश्रांतीचे ठोके वजा करा. ही झाली आपली शिल्लक. शिल्लकीचे ४० टक्के विश्रांतीच्या ठोक्यांत मिळवले की मध्यम व्यायामाची खालची मर्यादा मिळते, ६० टक्के मिळवले की वरची. फिनलंडच्याच कार्व्होनेन या शास्त्रज्ञाच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते.

उदाहरण घेऊ. वय ४०, विश्रांतीचे ठोके ७०. शिल्लक ११०. तिचे ४० टक्के ४४, म्हणून खालची मर्यादा ११४. ६० टक्के ६६, म्हणून वरची १३६. याच वयाच्या दुसऱ्याचे विश्रांतीचे ठोके ८० असतील तर त्याच्या मर्यादा १२० आणि १४०. म्हणूनच शेजाऱ्याच्या घड्याळात डोकावून काही उपयोग नाही.

पडताळाही सोपा आहे. मध्यम व्यायामात सोबतच्या माणसाशी गप्पा मारता येतात, पण गाणं म्हणता येत नाही. शब्दाशब्दाला धाप लागत असेल तर सूत्र काहीही म्हणो, वेग कमी करा. असा मध्यम व्यायाम आठवड्याला किमान १५० मिनिटं करावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अर्धा तास, आठवड्याचे पाच दिवस, झाला हिशोब.

दम्मामचा उन्हाळा आणि ठोके

इथे हे यंत्र खरं कामाला येतं. उन्हाळ्यात शरीर थंड ठेवण्यासाठी बरंच रक्त त्वचेकडे वळवावं लागतं. घामाने शरीरातलं पाणी कमी होतं, प्रत्येक ठोक्यामागे ढकललं जाणारं रक्त घटतं, आणि तूट भरून काढायला हृदय जोरात धावतं. समुद्रकाठच्या दमट हवेत घाम वाळतही नाही, म्हणजे अंग भिजतं पण थंड होत नाही. जानेवारीत कॉर्निशवर ज्या वेगाला ११५ दिसतात, त्याच वेगाला ऑगस्टमध्ये १३० दिसले तर नवल नाही. वेग तोच, भार वेगळा. उन्हाळ्यात ठोके धरा आणि वेग सोडून द्या.

जून ते सप्टेंबर या काळात शक्यतो मॉलमध्ये किंवा घरातल्या ट्रेडमिलवर चाला. बाहेरच जायचं असेल तर पहाटे. रात्री ऊन नसतं, पण दमटपणा असतोच. एकाच वेगाने चालत असताना ठोके आपोआप वर सरकत राहिले तर पाणी प्यायची आणि थांबायची वेळ झाली असं समजा. एकादशी असो, नवरात्र असो की कोणाचे रोजे असोत, उपवासाच्या दिवशी जोराचा व्यायाम नको. सकाळचे विश्रांतीचे ठोके नेहमीपेक्षा आठ-दहा जास्त दिसले तर झोप अपुरी आहे, ताप येऊ घातला आहे किंवा आदल्या दिवशी अति झालं आहे. त्या दिवशी सुट्टी घ्या.

यंत्राचीही काळजी घ्या. उन्हात तापलेल्या गाडीत ते ठेवू नका, बॅटरी खराब होते. पट्टा वापरून झाला की यंत्र काढून ठेवा, कापड साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. ओल्या पट्ट्याला यंत्र तसंच अडकवून ठेवलं तर ते चालू राहतं आणि सेल संपतो.

यंत्र काय सांगत नाही

कॅलरीचा आकडा मनावर घेऊ नका. २०१७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने मनगटावरची सात यंत्रं तपासली. सहा यंत्रांच्या ठोक्यांत ५ टक्क्यांहून कमी चूक निघाली, पण कॅलरीच्या बाबतीत सर्वांत चांगलं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्के चुकत होतं. त्या आकड्याच्या भरवशावर दुसरी पुरणपोळी वाढून घेऊ नये!

रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारखी औषधं घेणाऱ्यांचे ठोके औषधामुळेच कमी राहतात. त्यांना वरची सूत्रं लागू नाहीत. त्यांनी, मधुमेह असलेल्यांनी, पेसमेकर बसवलेल्यांनी आणि घरात लहान वयात हृदयविकार झालेला असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, मगच सुरुवात करावी.

आणि सर्वांत महत्त्वाचं : घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखत नाही. ईसीजी काढणारी घड्याळंही तो ओळखण्यासाठी बनवलेली नाहीत. छातीवर दाब, जबडा किंवा हात दुखणं, थंडगार घाम, चक्कर, अकारण धाप, यांपैकी काही जाणवलं तर घड्याळात ठोके ठीक दिसले तरी थांबा. ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन झोपू नका. एकट्याने गाडी चालवत दवाखान्यात जाऊ नका. सौदी रेड क्रेसेंटचा अँब्युलन्सचा नंबर ९९७ आहे. तो आजच फोनमध्ये घाला आणि घरच्यांना, रूममेटला सांगून ठेवा. इथे एकटे राहणाऱ्या आपल्या मित्राला आठवड्यातून दोनदा चालायला बोलावलं तर त्याचा व्यायामही होईल आणि त्याच्याकडे कोणाचं तरी लक्षही राहील. हे काम कुठलंही यंत्र करत नाही.

यंत्र नसेल तरी अडत नाही. दोन बोटं, भिंतीवरचं घड्याळ आणि सोबत गप्पा मारणारा माणूस एवढ्या भांडवलावर उद्यापासून सुरुवात करता येते.

ही पुस्तिका हातात घेणाऱ्या आपणा सर्वांचं मन मोठं आहे, हे मंडळाने वेळोवेळी अनुभवलं आहे. त्या मोठ्या मनाला साथ द्यायला हृदयही तितकंच धडधाकट राहो, हीच सदिच्छा!