किलोभर पोलाद, सेकंदाचा हजारावा भाग

नवं कोरं पोलादी पिस्तूल पहिल्यांदा हातात घेणाऱ्याच्या तोंडून हमखास निघतं, ‘बापरे, जड आहे की!’ पडद्यावर नायक बोटाभोवती गरगर फिरवतो ती ही वस्तू काट्यावर ठेवली, तर रिकामीच नऊशे ग्रॅमच्या घरात जाते आणि काडतुसं भरली की किलोच्या वर. वजनापाठोपाठ कळतो पोलादाचा गारवा, मग तेलाचा वास, मग वरचा भाग मागे ओढताना मनगटाला जाणवणारा स्प्रिंगचा हट्ट. हे सगळं कळायला अर्धं मिनिटही लागत नाही. पण यातल्या प्रत्येक गोष्टीमागे कुणीतरी सोडवलेलं एक अवघड गणित आहे, आणि त्यातलं सगळ्यात देखणं गणित त्या वजनाचंच आहे.

वसईच्या माणिकपुरात असं पिस्तूल दुकानातून पिशवीत घालून आणता येत नाही, हे बरंच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार आधी परवाना लागतो. १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं, तेव्हापासून इथल्या अर्जदाराची फाइल पोलीस आयुक्तांपुढे जाते. स्थानिक ठाण्याची चौकशी, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, गरज पटवून देणं, एवढं पार पडलं तर परवाना. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनपेक्षा जास्त शस्त्रं ठेवता येत नाहीत, आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की छाननी समितीच्या सांगण्यावरून तीही ठाण्यात जमा करावी लागतात. इतकं करूनही ९ मिलिमीटरचं पिस्तूल सामान्य परवान्यावर मिळत नाहीच. ते ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडतं, सैन्य आणि पोलिसांसाठी राखीव. नागरिकाच्या वाट्याला बहुधा .३२ बोअर येतं. त्यामुळे पूर्ण आकाराचं पोलादी पिस्तूल माणिकपूरकराला दिसलंच, तर बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलीस अधिकाऱ्याच्या कमरेला, तेही कव्हरातून डोकावणाऱ्या मुठीपुरतं.

कव्हराच्या आत बहुधा असतं ते ‘पिस्तूल ऑटो ९ मि.मी. १ए’. बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीतलं हे पिस्तूल जगाला ‘ब्राउनिंग हाय-पॉवर’ या नावाने ठाऊक आहे. ते उलगडायचं तर सुरुवात धक्क्यापासून करावी लागते.

गोळी पुढे गेली की शस्त्र मागे येतं. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईच्या कोटाला वेढा घातला, तेव्हा दोन्हीकडच्या बंदूकधाऱ्यांना हा धक्का खांद्यावर निमूट सोसावा लागे. बार उडाला की पुन्हा दारू ठासायची, गोळी सारायची, मग पुढचा बार. धक्का म्हणजे निव्वळ त्रास. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही डोकेबाज माणसांना वाटू लागलं की हा फुकट जाणारा धक्काच कामाला जुंपावा. त्याच्याच जोरावर रिकामी पुंगळी बाहेर पडावी, घोडा पुन्हा चढावा आणि पुढचं काडतूस नळीत सरकावं. पिस्तुलापुरतं याचं सगळ्यात सुटसुटीत उत्तर सापडलं ते अमेरिकेच्या युटा राज्यातल्या ऑग्डेन गावच्या जॉन मोझेस ब्राउनिंगला. त्याने नळीच्या अंगाने पुढे-मागे सरकणारा एक पोलादी भाग बसवला. तीच स्लाइड. १९०० च्या सुमारास बेल्जियमच्या एफएन कारखान्यातून ती बाजारात आली, आणि आज जगातली बहुतेक पिस्तुलं तिच्याच जिवावर चालतात.

काडतूस छोटं असेल तर काम सोपं असतं. .३२ च्या पिस्तुलात स्लाइडला कुलूपच नसतं. तिचं वजन आणि तिला पुढे रेटणारी स्प्रिंग, एवढाच अडसर. ९ मिलिमीटरचं काडतूस मात्र दांडगं. त्याच्या गोळीत .३२ च्या गोळीच्या साधारण अडीचपट ऊर्जा असते, आणि नळीतला दाब २३५ मेगापास्कलपर्यंत चढू शकतो. गाडीच्या टायरमधल्या दाबाच्या तो सुमारे हजारपट झाला. इतक्या दाबाखाली पितळेची पुंगळी मागून उघडी पडली, तर ती फाटून तापलेला वायू नेम धरणाऱ्याच्याच अंगावर येईल. नुसत्या वजनाने हे थोपवायचं म्हटलं, तर स्लाइड इतकी बोजड करावी लागेल की पिस्तूल हातात धरावंसं वाटणार नाही.

ब्राउनिंगने नळीच्या पाठीवर आडव्या कडा ठेवल्या आणि स्लाइडच्या पोटात त्याच मापाच्या खाचा. गोळी सुटते त्या क्षणी कडा खाचांत रुतलेल्या असतात, त्यामुळे नळी आणि स्लाइड जोडीने मागे निघतात. काही मिलिमीटर गेल्यावर नळीखालचा तिरका भाग फ्रेममधल्या आडव्या दांड्याला लागतो, नळीची मागची बाजू खाली झुकते आणि कडा खाचांतून सुटतात. नळी थांबते, स्लाइड एकटीच पुढचं काम उरकायला मागे जाते.

हे कुलूप नेमकं कधी उघडायचं, हे ठरवतं कोण? गोळीचं वजन साडेसात ग्रॅमच्या आसपास. नळी आणि स्लाइड मिळून तिच्या साधारण साठपट जड. म्हणून गोळी नळीतून अकरा सेंटीमीटर पुढे जाईपर्यंत ही जोडी मागे सरकते जेमतेम दोन मिलिमीटर. कुलूप अजून घट्टच असतं. गोळी नळीबाहेर पडते, दाब ओसरतो, मग कडा सुटतात. गोळीचा नळीतला सगळा प्रवास सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत संपतो, आणि पुंगळी फेकून, नवं काडतूस चढवून स्लाइड पुन्हा जागेवर येईपर्यंत सेकंदाचा जेमतेम विसावा भाग लोटलेला असतो. यात सेन्सर नाही, चिप नाही, बॅटरी नाही. उशीर किती करायचा ते पोलादाच्या वजनानेच ठरतं. स्लाइड हलकी केली की कुलूप लवकर उघडणार. तळहाताला भार वाटतं ते प्रत्यक्षात या यंत्राचं घड्याळ आहे.

गोळी फिरते तीही या नळीतच. नळीच्या आतून नागमोडी नव्हे, तर मळसूत्रासारखे चर कोरलेले असतात. ९ मिलिमीटरसाठी त्यांचा एक पूर्ण फेरा प्रचलित मापाने २५ सेंटीमीटरचा. नळी मात्र १२ सेंटीमीटरहून थोडी कमीच, म्हणजे आत असताना गोळी अर्धा फेराही पुरा करत नाही. तेवढ्या अर्धवट वळणावर ती सेकंदाला साधारण १४०० फेऱ्यांच्या गतीने गरगरत बाहेर पडते, आणि २५ मीटरवरच्या लक्ष्यापर्यंत पोचताना साधारण १०० वेळा फिरते. या गिरकीमुळेच तिचं नाक पुढे राहतं.

वसई पूर्वेला वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत लेथ आणि व्हीएमसीवर हात बसलेला कारागीर हे पिस्तूल हातात घेईल, तर गोळीचा विचार नंतर करील. आधी तो स्लाइड चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवून बघेल, ‘प्ले’ किती आहे ते. स्लाइड फ्रेमवरच्या दोन पट्ट्यांवर धावते. फट जास्त असली तर प्रत्येक वेळी ती थोडी वेगळ्या जागी बसते आणि नेम विखुरतो. अगदीच घट्ट बसवली तर धुळीचा कण किंवा दारूची काजळीही तिला अडवू शकते. चांगल्या पिस्तुलात हा खेळ मिलिमीटरच्या काही शतांशांत चालतो. घडीव पोलाद मिलिंगवर कापायचं, कडक करायचं, घासून पुसून मापात बसवायचं. नव्या पिस्तुलाची स्लाइड ओढताना लागणारी किंचित खरखर ही त्या हत्यारांची उरलेली खूण असते. काही शे फैरींनंतर ती आपोआप मिटते.

मुठीत मॅगझिन सारल्यावर आणखी एक करामत दिसते. त्यात १३ काडतुसं दोन रांगांत, एकमेकांच्या खोबणीत अंग चोरून बसतात आणि वर येता येता एका रांगेत येतात. ही रचना दियूदोने सेव्ह या बेल्जियन अभियंत्याची. मॅगझिन काढलं की या पिस्तुलाचा चाप ओढूनही घोडा पडत नाही. ही मूळ मागणी फ्रेंच सैन्याची होती. त्या जादा पुर्ज्यामुळे चाप थोडा जड आणि अडखळता लागतो, अशी नेमबाजांची जुनी कुरकुर आहे. अर्थात मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही. नळीत एक काडतूस राहिलेलं असू शकतं, म्हणून स्लाइड ओढून डोळ्यांनी बघणं हा पहिला धडा.

या पिस्तुलाने मुलूखही बरेच पाहिले. ब्राउनिंग २६ नोव्हेंबर १९२६ रोजी एफएनच्या लिएजमधल्या कारखान्यात काम करता करताच गेला. अर्धवट राहिलेलं काम सेव्हने पुरं केलं आणि १९३५ मध्ये पिस्तूल बाहेर आलं. महायुद्धात जर्मनांनी कारखाना ताब्यात घेऊन तेच पिस्तूल स्वतःसाठी बनवून घेतलं. सेव्ह इंग्लंडला निसटला, आणि १९४४ पासून टोरांटोच्या जॉन इंग्लिस कंपनीत त्याच पिस्तुलाचं उत्पादन दोस्तांसाठी सुरू झालं. म्हणजे एकाच युद्धात दोन्ही बाजूंच्या कमरेला एकच पिस्तूल. मुळात बॉयलर बनवणारी ही इंग्लिस कंपनी युद्धानंतर कपडे धुण्याची यंत्रं विकू लागली. ईशापूरचं पिस्तूल याच इंग्लिस घाटाचं. त्यातून उडालेली पुंगळी उचलून तिची बैठक पाहिली, तर तिथे बऱ्याचदा ‘केएफ’ ही दोन अक्षरं ठोकलेली सापडतात. ती १८६९ पासून चालू असलेल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण.

आता पुन्हा वजनाकडे. हाताला बसणाऱ्या धक्क्याचा हिशेबही तेच मांडतं. गोळी तीच, दारू तीच, पण नऊशे ग्रॅमच्या पोलादी पिस्तुलाऐवजी सव्वासहाशे ग्रॅमचं प्लास्टिक फ्रेमचं पिस्तूल घेतलं, तर मागे येणारी ऊर्जा जवळपास दीडपट होते. पोलादी पिस्तूल हातात उसळतं कमी आणि नेम धरायची माशी लवकर जागेवर येते. नेमबाजीच्या नियमांनीही हे ओळखलं आहे. २५ मीटर पिस्तूल प्रकारात पिस्तुलाचं वजन १४०० ग्रॅमच्या वर चालत नाही. किती हलकं असावं याची अट मात्र नाही, कारण हलक्या पिस्तुलाने कुणाचा फायदा होत नाही. याच प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ३४ गुणांची बरोबरी फोडत सुवर्णपदक घेतलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिचं पिस्तूल .२२ चं, धक्का नावापुरता. पण लांब केलेल्या हाताच्या टोकाला वजन असलं की बारीक थरथर दबते, हा नियम तिथेही तोच.

पोलादाची खोड एकच, ते गंजतं. पृष्ठभागावरचा निळसर काळा रंग हा रंग नसून पोलादाचाच मुद्दाम जमवलेला ऑक्साइडचा पातळ थर असतो. तेल शोषून धरणं एवढंच त्याचं काम. खाडीवरून येणारी खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि घामेजल्या बोटांतलं मीठ यांच्यापुढे तो एकटा टिकत नाही. वसईत पोलादी शस्त्र बाळगणाऱ्याने ते हाताळल्यावर दर वेळी तेलाच्या फडक्याने पुसावं आणि चामड्याच्या कव्हरात महिनोन्‌महिने कोंडून ठेवू नये. चामडं ओल धरून ठेवतं आणि कव्हराच्या आकाराचा गंज पिस्तुलावर उमटतो.

याच कटकटीला ऑस्ट्रियाच्या गॅस्टन ग्लॉकने १९८२ मध्ये प्लास्टिकच्या फ्रेमचं उत्तर दिलं. हलकं, न गंजणारं, करायला सोपं. जगभरचे पोलीस तिकडे वळले आणि २०१८ मध्ये एफएनने हाय-पॉवर बनवणं थांबवलं. तीनच वर्षांनी, २०२१ मध्ये, अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड आर्मरीने त्याच घाटाचं घडीव पोलादाचं नवं पिस्तूल आणलं आणि २०२२ मध्ये खुद्द एफएनही नव्या अवतारासह परतलं. जास्त पैसे मोजून जास्त वजन घेणारं गिऱ्हाईक शिल्लक होतं. माणिकपूरच्या नाक्यावर दिवसभर बंदोबस्ताला उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला विचाराल, तर तो ग्लॉकच मागेल, आणि त्याचंही बरोबर आहे. पिस्तूल कमरेला वागवायचं असतं तासन्‌तास आणि चालवायचं, वेळ आलीच तर, क्षणभर. पहिल्या हिशेबात प्लास्टिक जिंकतं, दुसऱ्यात पोलाद.