पुठ्ठ्यावरची बोली

1993 सालच्या जून महिन्यातली गोष्ट. मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यात मी पहिलीच्या वर्गावर होते. नव्या मुलांची नावे पटावर चढवणे चालू होते. एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. मुलीची मान डुलत होती, हात आखडलेले होते, हनुवटीवर लाळ ओघळत होती. "बाई, हिचं नाव घ्या नं," आई म्हणाली. मी मुलीला नाव विचारले. तिच्या घशातून नुसता एक लांबलचक आवाज आला. मी आईला समजावणीच्या सुरात म्हणाले, "हिला काही समजत नाही हो. घरीच सांभाळा. शाळेत हाल होतील तिचे."

आई काही न बोलता वळली. तेवढ्यात खिडकीतून एक शेळी आत डोकावली. वातावरण हलके व्हावे म्हणून मी तिला म्हणाले, "या, तुमचेच नाव राहिले होते!" वर्गातल्या एकाही पोराच्या ते ध्यानात आले नाही. आईच्या खांद्यावरून मागे पाहणारी ती मुलगी मात्र खळखळून हसली.

जिला काही समजत नाही असे मी नुकतेच सांगितले होते, तीच एकटी हसली होती. ते मला दिसले, तरी मी त्यांना परत बोलावले नाही. त्या हसण्याचा अर्थ नीट कळायला मला सव्वीस वर्षे लागली.

समजणे आणि बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलायचे तर ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र आणि श्वास यांची एकाच क्षणी जुळणी व्हावी लागते. सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूचा पक्षाघात. तो असला की मेंदूकडून स्नायूंना जाणारे हुकूम विस्कटतात. हात हलवायचा असतो एकीकडे, जातो भलतीकडे. जिभेचेही तसेच होते. पण म्हणून आतले विचार विस्कटलेले असतातच असे नाही. स्टीफन हॉकिंग यांचा आवाज 1985 साली घशावरच्या शस्त्रक्रियेत कायमचा गेला. त्यानंतर 2018 साली निधन होईपर्यंत ते संगणकाच्या आवाजात बोलले, आणि सारे जग कान देऊन ऐकत राहिले.

इतक्या लांब जायलाही नको. मिठू अलूर यांनी 1972 साली मुंबईत 'स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' सुरू केली. ही संस्था आज 'अडॅप्ट' या नावाने ओळखली जाते. त्यांची मुलगी मालिनी चिब हिला सेरेब्रल पाल्सी आहे. मालिनी सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकली, लंडनला जाऊन दोन पदव्युत्तर पदव्या घेऊन आली आणि एका बोटाने टंकून तिने 'वन लिटल फिंगर' हे आत्मचरित्र लिहिले. टाइप केलेले वाक्य मोठ्याने उच्चारणारे एक छोटे यंत्र ती बोलण्यासाठी वापरते. 'मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ' हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना सांगते, दिग्दर्शिका शोनाली बोस या मालिनीच्या नात्यातल्या, आणि त्या कथेमागची प्रेरणा मालिनीच.

मी 2019 साली निवृत्त झाले आणि काही महिने मुलाकडे मुंबईला राहिले. शेजारच्या घरातली एक मुलगी चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवून बोलायची. पहिल्याच दिवशी मी तिच्या गालाला हात लावायला गेले, तर तिने तक्त्यावरच्या एका चौकोनावर बोट आपटले: 'नको'. मला आधी राग आला, मग हसू आले, आणि रात्री ती शेळी आठवली.

या पद्धतीला 'पूरक आणि पर्यायी संवाद' म्हणतात. जेवढे बोलता येते त्याला जोड द्यायची म्हणून पूरक, आणि मुळीच बोलता येत नसेल तर दुसरी वाट काढायची म्हणून पर्यायी. हातवारे, फोटो, चित्रांचा तक्ता, अक्षरांचा तक्ता, बोलणारा मोबाइल, हे सगळे त्यात येते. 1971 साली कॅनडातल्या टोरांटोत शर्ली मॅकनॉटन यांनी बोलू न शकणाऱ्या मुलांना चार्ल्स ब्लिस यांच्या चित्रलिपीच्या साहाय्याने बोलते केले. आपल्याकडे चेन्नईच्या अजित नारायणन यांनी 'आवाज' हे साधन बनवले. मुंबईच्या आयआयटीतल्या मंडळींनी 'जेलो' हे मोबाइलवरचे साधन तयार केले. ते मोफत आहे आणि मराठीही बोलते. त्यातल्या चित्रांच्या दोन्ही बाजूंना आवडते, होय, आणखी, आवडत नाही, नाही, कमी, अशी सहा बटणे आहेत. म्हणजे नुसते 'भाकरी' म्हणून थांबायचे नाही, भाकरीबद्दल आपले मतही सांगायचे.

खामगावला परतल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला आपल्या बहिणीच्या घरी नेले. घर तालुक्यातल्याच एका गावात. भाचा अकरा वर्षांचा. दिवसभर ओसरीत बाजेवर पडून असे. आई कापूस वेचायला गेली की आजोबा सोबतीला. "सारं समजते याले," आई म्हणाली, "पन आमालेच समजत नाही, याले काय पायजे थे."

मी मोबाइल काढला, पण एक अडचण लगेच ध्यानात आली. मुलाचा हात चित्रापर्यंत पोचतच नव्हता. दुसरी अडचण भाषेची होती. मोबाइल बोलायचा पुस्तकी मराठी, आणि त्या घरात सगळ्यांचे 'मले', 'तुले', 'पायजे'. मग आम्ही पुठ्ठा घेतला. आईचा, आजोबांचा, बैलजोडीचा, बेसन-भाकरीचा फोटो खामगावला छापून आणला आणि खाली शब्द लिहिले ते घरातले. हाताचा प्रश्न डोळ्यांनी सुटला. आपण एकेका चित्रावर बोट ठेवत नाव घ्यायचे, हवे ते आले की त्याने डोळे वर करायचे. नको असेल तर मान फिरवायची. विजेचा प्रश्न नाही, खर्च शंभर-दीडशे रुपयांच्या आत.

मग तीन आठवडे काहीही झाले नाही. आई कंटाळली, मीही मनातून खचले. चूक माझीच होती. मी शाळामास्तरणीसारखी परीक्षा घेत होते: "बैल कुठे आहे, दाखव!" तान्ह्या बाळाची आपण परीक्षा घेतो का? वर्षभर त्याच्याशी नुसते बोलत राहतो, तेव्हा कुठे ते पहिला शब्द उच्चारते. तक्त्याचेही तसेच आहे. घरच्यांनी स्वतः तक्त्यावर बोट ठेवून बोलायचे, आणि मुलाने ते पाहायचे. आई शेताला निघाली की तिने 'आई', 'शेत', 'जाते' यांवर बोट ठेवायचे.

हे सर्वांत आधी उमगले ते आजोबांना. अक्षरओळख नसलेला माणूस. तक्ता हातात घेऊन ते म्हणाले, "हे तं भेंडवळची घटमांडनी झाली नं बाई! पान-सुपारी म्हनजे राजा, ढेकूळ म्हनजे पाऊस. तसंच हाये हे."

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात आणि दुसऱ्या पहाटे त्यातल्या वस्तूंची हालचाल पाहून पीकपाण्याचे भाकीत सांगतात. ती भाकिते खरी ठरतात का, हा वाद वेगळा. पण एक वस्तू मांडून दुसरीच गोष्ट सांगता येते, हे आमच्या भागातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

मात्र घटाची सवय आडवीही आली. घटातल्या धान्याला कोणी विचारत नाही, पाहणाराच अर्थ सांगतो. आजोबा नातवाचाही अर्थ सांगू लागले. पोराने जरा डोळे हलवले की, "पानी पायजे त्याले!" त्यांना थांबवणे हे माझे सर्वांत अवघड काम होते. "आबाजी, तुम्ही सांगू नका, त्याला सांगू द्या." मनात वीस आकडे मोजायचे आणि गप्प राहायचे. करून पाहा, वीस आकडे फार लांब असतात.

नवव्या आठवड्यातली संध्याकाळ. पोरगा रोज दिवेलागणीला रडायचा, तसाच रडत होता. दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या होत्या. भूक असेल म्हणून आई साखरेचे पाणी चमच्याने पाजायची, मग तो थोडा वेळ थांबायचा. त्या दिवशी तिने तक्ता घेतला. 'दुखते'वर डोळे वर गेले. पोट? मान फिरली. डोके? फिरली. कान? फिरली. दात? डोळे वर गेले आणि वरच राहिले.

दाढ आतून किडली होती. डॉक्टरांनी ती काढली आणि संध्याकाळचे रडणे थांबले. आई मला म्हणाली, "चार महिने मी याले साखरेचं पानी पाजत होती, बाई." यावर मला काही बोलता आले नाही.

पालक एक प्रश्न हमखास विचारतात: तक्त्याची सवय लागली तर येणारे बोलणेही बंद पडेल का? मिलर, लाइट आणि श्लोसर या संशोधकांनी 2006 साली आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. भक्कम पुरावा असलेल्या 27 व्यक्तींपैकी एकाचेही बोलणे कमी झाले नव्हते, बहुतेकांचे थोडेफार वाढलेच होते. त्यामुळे 'आधी बोलू दे, मग बघू' म्हणत वर्षे घालवू नयेत.

आणि तक्त्यावर नुसते पाणी, भूक, शू एवढेच ठेवू नये. तुम्ही-आम्ही दिवसभरात बोलतो त्यातले गरजेचे किती असते? 'नको', 'पुरे', 'मला राग आला', 'गंमत सांगू?' हेही हवे. ज्याला 'नको' म्हणता येत नाही, त्याला कोणीही काहीही करू शकते. आईबापांनी हे विसरू नये.

2016 सालच्या दिव्यांग हक्क कायद्याने 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी पद्धतींना जागा दिली आहे. अशा मुलांना 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्कही दिला आहे. पण वाचा-उपचार करणारे तज्ज्ञ बहुतांशी मोठ्या शहरांत. वांद्र्याची अली यावर जंग संस्था 1983 पासून हे काम करते, पण खामगावच्या आईला ती एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर. तज्ज्ञ गाठावा, जरूर गाठावा. तोवर पुठ्ठा मात्र आजच कापता येतो.

1993 सालच्या त्या मुलीचा मी पुढे शोध घेतला. कुटुंब कामासाठी सुरतेकडे गेले एवढेच गावात कळले. आज ती चाळिशीच्या जवळ असेल. तिच्यासमोर कोणी कधी तक्ता धरला असेल का, कोण जाणे.

गेल्या महिन्यात ओसरीत बसून मी आईला हेच सगळे सविस्तर समजावत होते. बराच वेळ झाला असावा. बाजेवरून आवाज आला. आजोबांनी तक्ता धरला आणि बोट एकेका चित्रावरून सरकवत नेले. बैलांवर नाही, भाकरीवर नाही, माझ्या फोटोवर डोळे वर गेले. मग पुन्हा बोट सरकू लागले आणि 'पुरे'वर डोळे पुन्हा वर गेले.

मी गप्प झाले. आजोबा हसले, आई हसली, आणि सर्वांत जास्त तो हसला.