नायकाच्या मनगटावरचें घड्याळ

पहूर हें जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या वाटेवरचें, जामनेर तालुक्यांतील गांव. पाचोरा–जामनेर या अरुंद मार्गावरची छोटी आगगाडी पूर्वी येथें थांबत असे. अशा स्थानकावर मनगटी घड्याळाचें काम एकच : गाडीला अवकाश किती, तें सांगणें. पण हेंच घड्याळ चित्रपटांतील नायकाच्या हातीं गेलें कीं आपलें काम विसरतें आणि भलत्याच करामती करूं लागतें.

जेम्स बाँड या इंग्रज गुप्तहेराचेंच उदाहरण घ्यावें. 1962 सालच्या ‘डॉक्टर नो’मध्यें त्याच्या मनगटावर रोलेक्स होतें, पण त्यांत जादू कांहीं नव्हती. 1973 सालच्या ‘लिव्ह अँड लेट डाय’मध्यें मात्र त्याच्या घड्याळांत प्रबळ लोहचुंबक आला, आणि घड्याळाची फिरती कड करवतीप्रमाणें दोर कापूं लागली.

यावर शास्त्र काय म्हणतें? चावीच्या घड्याळांत केसासारखी बारीक कमान असते. तिच्या आधारें होणाऱ्या चक्राच्या हेलकाव्यांवर काळाचें मोजमाप चालतें. ही कमान पोलादी असली आणि लोहचुंबक जवळ आला, तर तिचे वेढे एकमेकांस चिकटतात. कमान जणूं आंखूड होते आणि घड्याळ पुढें धांवूं लागतें, क्वचित् बंदही पडतें. म्हणजे बाँडचा लोहचुंबक शत्रूच्या आधीं घड्याळाचाच घात करील! शिवाय मुख्य कमानींत साठणारी शक्ति कांटे एक-दोन दिवस फिरविण्यापुरतीच. तिच्यावर करवत चालणार कोठून?

आपल्याकडील नायकही मागें नाहीं. शेखर कपूर यांच्या 1987 सालच्या ‘मिस्टर इंडिया’मध्यें अरुणला शास्त्रज्ञ वडिलांचें यंत्र मिळतें. तें घड्याळाप्रमाणें मनगटावर बांधलें कीं माणूस अदृश्य होतो. पण तांबड्या प्रकाशांत तो पुन्हां दिसतो. या उणिवेंतच कथेचा जीव आहे. ज्याला कशाचेंच भय नाहीं, त्याच्यासाठीं प्रेक्षकाचा श्वास कसा अडकावा?

खऱ्या घड्याळाचीही उणीव अशीच ओळखून असावें. रेडिओच्या कर्ण्यांत लोहचुंबक असतो; म्हणून रात्रीं काढलेलें चावीचें घड्याळ रेडिओवर ठेवूं नये. रोज ठराविक वेळीं चावी द्यावी. मग तें कोणास अदृश्य करणार नाहीं, पण गाडी चुकूं देणार नाहीं. आणि स्थानकावर उभ्या असलेल्या माणसाला त्याहून मोठी करामत नको असते.