ग्रंथिज्वर

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. माझ्या वर्गांतील एक मुलगा दहा दिवसांच्या तापानंतर शाळेंत परतला. ताप गेला होता, परंतु दुसऱ्या तासालाच तो बाकावर डोकें टेकून बसे. मीं त्यास आळशी ठरवून दोनदां उभें केलें, कवायतीसही पाठविलें. पुढें त्याच्या वडिलांनीं डॉक्टरांची चिठ्ठी आणून दाखविली, तेव्हां माझी मलाच लाज वाटली. चिठ्ठींत रोगाचें नांव होतें ‘इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिस’. आपण त्यास ग्रंथिज्वर म्हणूं. कारण गांठीचा ताप म्हटलें कीं वडीलधाऱ्यांस १८९६ सालीं मुंबईंत शिरलेला प्लेग आठवतो, आणि हा तो नव्हे.

हा रोग ‘एपस्टाईन-बार’ नांवाच्या विषाणूमुळें होतो. १९६४ सालीं लंडन येथें तो प्रथम दिसला, तो आफ्रिकेंतील मुलांच्या एका अर्बुदांत. ग्रंथिज्वराशीं त्याचा संबंध मात्र योगायोगानें कळला. फिलाडेल्फिया येथें हेन्ले दांपत्याच्या प्रयोगशाळेंतील एक तरुणीच या तापानें आजारी पडली. पूर्वीं तिच्या रक्तांत या विषाणूविरुद्ध प्रतिद्रव्यें नव्हतीं; आजारानंतर तीं आढळलीं. हें संशोधन १९६८ सालीं प्रसिद्ध झालें.

विषाणू लाळेंतून पसरतो. एकाच पेल्यास वा बाटलीस तोंड लावणें पुरे होतें. लागण झाल्यावर रोग प्रकट होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे बहुतेकांस तो बाळपणींच होऊन जातो आणि साध्या पडशाहून निराळा ओळखूं येत नाहीं. जें मूल त्या वयांत सुटतें, त्यास तो चौदा-पंधराव्या वर्षीं गांठतो व चांगलाच जाणवतो: ताप, सुजलेला घसा, मानेच्या मागील बाजूसही गांठी, कधीं पापण्यांवर सूज, आणि अतिशय थकवा. घशांत पांढरट पापुद्रा दिसल्यास घरींच निदान करूं नये. घटसर्पांतही तसाच पापुद्रा येतो, आणि तेथें विलंब प्राणघातक होतो. डॉक्टर घसा पाहून व रक्त तपासून निर्णय देतात.

औषध म्हणाल तर विश्रांति, भरपूर पाणी, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आणि तापासाठीं डॉक्टर सांगतील तेवढें पॅरासिटामॉल. मुलांस ॲस्पिरिन देऊं नये. जंतुनाशक गोळ्यांचा विषाणूवर परिणाम होत नाहीं. इतकेंच नव्हे, तर या रोगांत ॲमॉक्सिसिलिन घेतल्यास पुष्कळदां अंगभर लाल पुरळ उठतें. शेजारच्या मुलाच्या उरलेल्या गोळ्या देणाऱ्या मातांनीं एवढें तरी लक्षांत ठेवावें.

खरें भय प्लीहेचें, म्हणजे पाणथरीचें. ती डाव्या बरगड्यांखालीं सुजते, आणि क्वचित् धक्क्यानें फुटते. यास्तव हुतुतू, कुस्ती, फुटबॉल हे खेळ आजार सुरू झाल्यापासून निदान तीन-चार आठवडे, आणि पुढेंही डॉक्टर परवानगी देईपर्यंत वर्ज्य समजावे. माझ्या हातून त्या मुलाला कवायतींत पाठविलें गेलें, त्याची आठवण आजही मला अस्वस्थ करते. पोटाच्या वरच्या डाव्या बाजूस वा डाव्या खांद्यांत एकाएकीं कळ आली, श्वास कोंडला, अथवा थुंकीही गिळवेना, तर तत्काळ रुग्णालय गांठावें.

ताप बहुधा दोन आठवड्यांत ओसरतो. थकवा मात्र कित्येक आठवडे रेंगाळतो. लाळेंत विषाणू महिनोन् महिने राहत असल्यानें तेवढ्यासाठीं मुलास घरीं कोंडण्यांत अर्थ नाहीं. अंगांत शक्ति आली कीं शाळेंत पाठवावें. पेला निराळा द्यावा, आणि वर्गशिक्षकांच्या नांवें एक चिठ्ठी द्यावी.