सुरखीच्या वाटेने सिमेंट

कोकण किनाऱ्यावरच्या पंचवीस-तीस वर्षं जुन्या इमारतीत छताकडे मान वर करून पाहा. गिलाव्याचे पोपडे सुटलेले असतात आणि त्यातून तांबूस, फुगलेली सळई डोकावत असते. काँक्रीट दाब उत्तम सोसतं. ताण मात्र त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकाच. म्हणून त्याच्या पोटात लोखंड घालावं लागतं. खाऱ्या वाऱ्यातलं क्लोराइड सळईपर्यंत झिरपलं, की तिच्यावरचा संरक्षक थर जातो. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते आणि तो काँक्रीट आतून फोडतो.

तरी काँक्रीटला टाकून देणं शक्य नाही. हवा तो आकार आणि आगीला टक्कर, तेही इतक्या स्वस्तात, दुसरं काही देत नाही. खरं दुखणं सिमेंटचं आहे. भट्टीत १,४५० अंशांपर्यंत तापताना चुनखडी स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडते. इंधन कितीही स्वच्छ वापरा, हा वायू निघणारच. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के आहे.

मग पुन्हा चुना? वाड्यांच्या दुरुस्तीत जरूर. तिथे सिमेंटच्या गिलाव्यामागे ओल कोंडून भिंत खराब होते. पण घाणीतला चुना सावकाश घट्ट होतो, दहा मजले पेलत नाही.

जुन्या गवंड्यांची मोलाची देणगी म्हणजे सुरखी, विटांची पूड. भाजलेल्या मातीतले सिलिका आणि ॲल्युमिना चुन्याशी जुळले की तो पाण्याखालीही घट्ट होतो. याच गुणावर एलसी-३ हे नवं सिमेंट उभं आहे: ५० टक्के क्लिंकर (भट्टीत भाजलेल्या चुनखडीचे खडे), ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के कच्ची चुनखडी, ५ टक्के जिप्सम. माती ७०० ते ८०० अंशांनाच भाजते आणि उत्सर्जन ३० ते ४० टक्क्यांनी घटतं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांबरोबर दिल्ली आणि मद्रासच्या आयआयटींनी त्यावर काम केलं. २०२३मध्ये त्याचं भारतीय मानकही आलं. आपली काळी माती त्याला चालत नाही, केओलिनची माती लागते. तिचे साठे सिंधुदुर्गात आहेत. क्लोराइडला हे सिमेंट चांगलं अडवतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड मात्र त्यात लवकर शिरतो, म्हणून सळईवरचं काँक्रीटचं कव्हर आणि तराई यांत हयगय नको.

क्लिंकर वाचवणारं राखेचं किंवा स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीचं) सिमेंट तर आजही दुकानात मिळतं. किनाऱ्यावर घर बांधणाऱ्यांनी स्लॅगचंच मागावं. कंत्राटदार कितीही घाई करो, स्लॅबवर किमान दहा दिवस पाणी राहिलंच पाहिजे.